रंगरावांची न संपणारी बॅटरी

धायरी फाट्याच्या आत, जिथे पूर्वी ज्वारी व्हायची आणि आता तीन टोलेजंग सोसायट्या झाल्या आहेत, त्यांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर आमचा संध्याकाळचा बाजार भरतो. मी तिथे भाजणी, मेतकूट आणि सांडगी मिरची विकते. माझ्या पेन्शनर नवऱ्याला हे पसंत नाही. "चारचौघांत बसून विकतेस," असं तो एकदा म्हणाला होता. चारचौघांत नाही तर कुठे बसून विकू, असं मी विचारलं, तेव्हापासून तो या विषयावर बोललेला नाही.

माझ्या शेजारी रंगरावांची हातगाडी असायची. खारे शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, लाह्या. गाडी रंगरावांची, पण जागा त्यांच्या बायकोची, कौशल्यावहिनींची. हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं आणि रंगरावांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

वहिनी धायरी गावातल्याच. त्यांच्या आईची भट्टी होती, तापलेल्या वाळूत हरभरे भाजायची. वहिनींचं लग्न झालं तेव्हा रंगराव हडपसरला एका कारखान्यात होते. ते कामावर गेले की वहिनी पाटी डोक्यावर घेऊन फाट्याच्या आत येऊन बसायच्या. तेव्हा इथे बाजार नव्हता. एक बाभूळ होती आणि तिच्याखाली वहिनी होत्या. नंतर भाजीवाले आले, मासळीवाली आली, मग माझ्यासारखी हौशी माणसं आली. कारखाना बंद पडला तेव्हा रंगराव काही महिने घरात पंख्याकडे बघत पडून होते आणि एका संध्याकाळी उठून पाटीच्या मागे येऊन उभे राहिले. "कामावर घेती का?" असं त्यांनी बायकोला विचारलं म्हणे. "सुट्टं मोजता येतंय का?" असं वहिनींनी विचारलं, आणि घेतलं.

रंगराव स्वभावाने हिशेबी. कंजूस म्हणणार नाही, पण एखादी वस्तू रिकामी बसलेली त्यांना बघवायची नाही. आमच्याकडे तसा सगळ्यांचाच कारभार असा असतो. मालाचा क्रेट उलटा केला की खुर्ची होते, सावलीला बांधलेली साडी पावसात मालावर जाते, दुपारी हातगाडीवर माणसं झोपतात. पण रंगरावांनी त्याचं तत्त्वज्ञान करून ठेवलं होतं. "ताई, एका वस्तूनं एकच काम केलं, तर ती फुकट खाती," असं ते मला सांगायचे. कारखान्यातून आणलेला डबा ते दिवसा जेवणासाठी वापरत आणि संध्याकाळी त्याच डब्यात सुट्टे पैसे ठेवत. त्यांच्या नोटांना लोणच्याचा वास यायचा.

वहिनींच्या भट्टीचा धूर मात्र एकच काम करत होता. घरामागे पत्र्याच्या खोपटात त्या भाजायच्या, खिडकी नाही, धुराडं नाही. खोकला किती वर्षं होता हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी पाटी उचलताना दम लागायला लागला, मग पाटी नसताना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की फुप्फुसं आतून कडक झाली आहेत, ती परत मऊ होत नाहीत. भट्टी बंद. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. दिवसातले निदान सोळा तास मशीन चालूच हवं, दम लागो अथवा न लागो, असं डॉक्टरांनी बजावलं. मशीन बंद राहिलं तर आज काही दिसणार नाही, पण आतून हृदय थकत जाईल आणि मग काही करता येणार नाही, हेही सांगितलं. मी त्या दिवशी बरोबर होते. डॉक्टर हे वहिनींकडे बघून सांगत होते आणि वहिनी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडे पंख्याकडे बघण्याची पद्धतच असावी.

मग रंगराव भवानी पेठेतून तयार माल आणायला लागले. गिऱ्हाइकं विचारायची, वहिनी कुठे आहेत. रंगराव सांगायचे, येतील. वहिनीही तेच सांगायच्या. आमच्या बाजाराचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही: जागेवर माणूस दिसला पाहिजे. गाडी काही दिवस दिसली नाही की तिथे दुसरी गाडी लागते आणि मग भांडून उपयोग नसतो. "मी उठून येईस्तवर जागा धरून ठिवा," एवढंच वहिनी नवऱ्याला सांगत. त्या उठून येणार नव्हत्या हे मला दिसत होतं. रंगरावांना दिसत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायला माझी जीभसुद्धा वळत नाही, आणि माझी जीभ कशी आहे ते बाजाराला विचारा.

बाजाराला उजेड पुरवायचे सर्जेराव. त्यांचा जनरेटर प्लॉटच्या कोपऱ्यात धडधडायचा आणि दर बल्बमागे ते रोजचं भाडं घ्यायचे. वहिनी बाजारात बसायच्या तेव्हा गिऱ्हाईक गेलं की हात वर करून बल्बची गुंडी बंद करायच्या आणि पुढचं गिऱ्हाईक दिसलं की लावायच्या. भाडं बल्बमागे होतं, मिनिटामागे नव्हतं. त्यात काही वाचत नव्हतं. मी तसं सांगितलंही. "असू द्या, उगं जळतोय कशाला," असं त्या म्हणायच्या. ही सवय त्यांच्या हातातच होती.

मग सोसायटीवाल्यांनी तक्रार केली. जनरेटरचा आवाज होतो, धूर होतो, मुलांचे अभ्यास होत नाहीत. तक्रार खरी होती. त्यांना आमची कोथिंबीर हवी होती, फक्त आम्ही शांतपणे आणि अंधारात विकायला हवी होती. सर्जेरावांनी जनरेटर उचलून नेला. त्या आठवड्यात बाजार मोबाईलच्या उजेडात चालला. अंधारात भाजी चालते, कांदा चालतो. पण शेंगदाणा कुणी घेत नाही. कुजका आहे का, खडा आहे का, माणूस बघूनच घेतो. रंगराव भरलेली गाडी घेऊन यायचे आणि भरलेली घेऊन जायचे.

म्हणून मी आणि रंगराव सिंहगड रोडवरच्या एका दुकानात गेलो. सोलर आणि बॅटरीचं दुकान. तिथला साईनाथ नावाचा मुलगा शहाणा होता. दुकानदार असून आधी ऐकून घ्यायचा. त्याने विचारलं, काय काय चालवायचंय? मी म्हटलं, दोन दिवे आणि एक छोटा पंखा. त्याने मला एक लहानसा संच दिला, वहीएवढं पॅनेल आणि डब्याएवढी बॅटरी. तो मी घेतला. अजून चालतो.

रंगरावांनी सांगितलं, दोन दिवे, वजनकाटा, आणि घरी बायकोचं ऑक्सिजनचं मशीन. उन्हाळा होता. नव्या इमारती झाल्यापासून गावठाणात दुपारी वीज जायची ती चार वाजल्याशिवाय यायची नाही, आणि तेवढा वेळ वहिनी मशीनशिवाय असायच्या. साईनाथने पेन खाली ठेवला.

"काका, दोन वेगळे घ्या," तो म्हणाला. "गाडीला ताईंसारखा छोटा सेट. घरी मोठा बॅटरीचा बॉक्स, तो मशीनलाच ठेवा, हलवू नका. ते मशीन खूप पॉवर खातं. दिवे काहीच खात नाहीत."

"मोठा किती चालंल?"

"मशीनवर अडीच तास. वर पॅनेलला ऊन चांगलं असेल तर तीन-साडेतीन. मग संपला."

"म्हंजे दुपार निघती," रंगराव म्हणाले. "आन् संध्याकाळी तो घरात काय करणार? बसून खाणार? दुपारी घरी, संध्याकाळी बाजारात. दोन पाळ्या."

"संध्याकाळपर्यंत तो रिकामा झालेला असेल, काका."

"वीज आली की भरंल की."

"एका तासात नाही भरत."

पण रंगरावांच्या डोक्यात पाळ्या बसल्या होत्या. कारखान्यातल्या माणसाला दोन पाळ्यांचं गणित कुणी शिकवू नये. मी म्हटलं, रंगराव, मुलगा सांगतोय ते ऐका. ते म्हणाले, ताई, दुकानदार दोन वस्तू घ्या असंच सांगणार, एक घ्या असं सांगणारा दुकानदार तुम्ही बघितला का? वहिनींच्या पाटल्या आधीच सोनाराकडे गेल्या होत्या आणि त्यातून मोठा बॉक्स आणि घडीचं पॅनेल, एवढंच निघत होतं. साईनाथने तेवढंच पॅक केलं.

पहिल्या संध्याकाळी रंगराव बॉक्स स्कूटरवर बांधून आले. दिवे असे लागले की मासळीवालीने डोळ्यांवर हात धरला. आणि ऐन गर्दीत दिवे गेले. बॉक्सवर शून्य दिसत होतं. दुपारभर मशीन चाललं होतं, दुसरं काय होणार. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. रंगराव गाडी झाकून माझ्या दिव्याच्या उजेडात बसले आणि गिऱ्हाइकं समोरून जाताना बघत राहिले. मी माझा एक दिवा त्यांच्या गाडीवर धरला, तर म्हणाले, ठेवा तुमचा तुम्हाला. मानी माणूस. घरी गेल्यावर मात्र त्यांनी बायकोपुढे मन मोकळं केलं असणार. पाटल्या गेल्या, आणि उजेड नाही तो नाहीच, असं.

त्यानंतर बॉक्स भरलेला यायला लागला.

शंभरपैकी नव्वदच्या वर आकडा. बाजार उठेपर्यंत दिवे जळायचे, काटा चालायचा, आजूबाजूच्यांचे मोबाईल भरून व्हायचे, तरी अर्ध्याहून जास्त शिल्लक. रंगरावांनी त्याचा अर्थ लगेच लावला. "नवीन बॅटरी हाय ताई. दोन-चार येळा भरली-संपली की जोर धरती. यंत्राचं असंच असतं, आधी अंग चोरतं." त्यांच्या कारखान्यातली यंत्रं तशी असतील. मला यंत्रातलं कळत नाही. मला एवढंच दिसत होतं की रंगराव पुन्हा मान वर करून उभे राहायला लागले होते, आणि मला बरं वाटत होतं.

बॉक्सचं कौतुक करायचं त्यांना वेडच लागलं. घरी दुपारभर मशीन चालतं आणि वर हा उजेड, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. शेंगदाणे घ्यायला आलेला माणूस बॅटरीची माहिती घेऊन जायचा. मी एकदा म्हटलं, रंगराव, शेंगदाणे बंद करा आणि एजन्सी घ्या. ते मनापासून हसले. वहिनी कशा आहेत विचारलं की सांगायचे, बरी हाय, मी घरी जातो तर मशीन चालू असतं, झोप जरा जास्त झाली हाय. पाय थोडे सुजलेत. उन्हाळा हाय.

मी पायांचं ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

पलीकडे अनंतची ज्यूसची गाडी होती. त्याचा मिक्सर सर्जेरावांच्या जनरेटरवर चालायचा. जनरेटर गेल्यापासून तो हाताने मोसंबी पिळत होता आणि वैतागला होता. रंगरावांच्या सांगण्यावरून त्याने तसाच मोठा बॉक्स आणला. दुपारभर मशीन आणि रात्रीपर्यंत दिवे, मग माझा मिक्सर म्हणजे काय, असा त्याचा हिशेब. शनिवारी, सगळ्यात मोठ्या गर्दीत, त्याचा बॉक्स बसला. मिक्सरमध्ये अर्धवट कलिंगड आणि समोर माणसांची रांग.

तो रंगरावांच्या गाडीपुढे येऊन उभा राहिला. "काका, तुम्ही लोकांना काहीही सांगता."

"काहीही काय? तुझं काम चुकत आसंल."

"सेम मॉडेल आहे. मी दुकानात फोन केला. तो साईनाथ म्हणतो, ऑक्सिजनचं मशीन दुपारभर चालवल्यावर या बॉक्समध्ये दिवा लावायला पण काही उरत नाही. इम्पॉसिबल म्हणतो. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर तो."

रंगरावांना खोटारडा म्हटलेलं बाजारात कुणी ऐकलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. "उद्या दुपारी घरी ये," ते म्हणाले. "वीज गेलेली आसंल, मशीन चालू आसंल, बॉक्सवरचा आकडा तुझ्या डोळ्यानं बघ. ताई, तुम्ही बी या. पंच म्हणून."

मला खरं तर जायचं नव्हतं, दुपारची झोप मोडते. पण वहिनींना बघून खूप दिवस झाले होते, म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की गावठाणातली कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला पडली होती. त्या वेळी रंगराव रोज भवानी पेठेत माल आणायला गेलेले असत आणि चारनंतर परत येत. त्या दिवशी ते गेलेच नाहीत. आम्हाला घ्यायला फाट्यावर थांबले होते. गल्ली खणून ठेवल्यामुळे स्कूटर कोपऱ्यावरच लावावी लागली. त्यामुळे आम्ही पायी, काही न बोलता, त्यांच्या दारापर्यंत आलो.

गल्लीत वीज नव्हती, पंखे बंद, दारं उघडी. त्यांचं दारही उघडं होतं. आतून मशीनचा आवाज येत नव्हता. ते मशीन चालतं तेव्हा बाहेरपर्यंत घरघर ऐकू येते, ती नव्हती. रंगराव उंबऱ्याशी थांबले. मी त्यांच्या मागे होते. आत वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. नाकात नळी होती. मशीन शेजारी होतं आणि बंद होतं. बॉक्स फळीवर, स्वच्छ फडक्याने झाकलेला. वहिनींचे डोळे मिटलेले होते आणि त्या खांद्यांनी श्वास घेत होत्या. त्यांचे ओठ जांभळ्या रंगाचे झाले होते. मी जांभूळ म्हणत नाही, कारण नंतर कित्येक दिवस मला जांभळं खाता आली नाहीत.

रंगरावांच्या चपलेचा आवाज झाला. वहिनींनी डोळे न उघडताच हात लांब केला आणि मशीनचं बटण दाबलं. मशीन टूं करून वाजलं आणि घरघरायला लागलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि आम्हाला बघितलं.

तो हात मला अजून दिसतो. बल्बच्या गुंडीकडे जाणारा, तोच हात. गिऱ्हाईक आलं, लावा.

अनंत "मी नंतर येतो" असं काहीतरी म्हणून गल्लीत निघून गेला. रंगरावांनी फळीवरचं फडकं उचललं. बॉक्सवर शंभरचा आकडा होता. त्यांनी तो बघितला, फडकं परत घातलं, आणि बायकोसमोर उकिडवे बसले.

"रोज?" त्यांनी विचारलं.

वहिनींना बोलायला वेळ लागला. "मी बसूनच असते की," त्या म्हणाल्या. "काम न्हाई, धाम न्हाई. बसल्या माणसाला किती हवा लागती? उगं जळतंय कशाला."

"डॉक्टर काय बोलले हुते?"

"डॉक्टरला काय, त्याला गाडी लावायचीय का अंधारात?" त्या थांबल्या, परत दम घेतला. "तुमी त्या दोन दिवशी आला, तवा जेवला न्हाईत. मी बघितलं. मग मी म्हणलं, संध्याकाळचं जास्त गरजेचं हाय. स्कूटर वाजली की लावते मी. तुमाला कळलं बी न्हाई."

रंगराव चिडले. मला वाटलं होतं ते रडतील, पण ते चिडले, आणि वाईट चिडले. त्यांनी आवाज चढवून तिला अडाणी म्हटलं, आईवरून बोलले, भट्टीवरून बोलले. वहिनी ऐकत राहिल्या. त्यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. सूज घोट्याच्या खूप वर पोचली होती. मी म्हटलं, रंगराव, भांडण नंतर करा, रिक्षा बोलवा.

दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवलं. डॉक्टरांनी जे होईल म्हणून सांगितलं होतं तेच झालं होतं, फक्त लवकर. हृदयाची उजवी बाजू थकली होती. आता सोळा तास नाही, अंघोळीचा वेळ सोडला तर मशीन सतत. चार पावलं चालल्या तरी खाली बसावं लागत होतं. बाजारात येण्याचा विषय डॉक्टरांनी एका वाक्यात संपवला. अंधारातल्या त्या आठवड्यात जेवढा धंदा बुडाला असेल, त्यासाठी ही बाई उरलेला श्वास देऊन मोकळी झाली. मला तिचा राग येतो. अजून येतो. आणि साईनाथने दोन घ्या सांगितलं तेव्हा पाळ्यांचं गणित घालणाऱ्या तिच्या नवऱ्याचाही येतो.

या सगळ्या काळात जागा मी धरून ठेवली. माझे क्रेट पसरून ठेवले, वर माझाच एक दिवा टांगला आणि जो येईल त्याला सांगितलं की ही कौशल्यावहिनींची जागा आहे. जनरेटर गेला तरी सर्जेरावांचा शब्द बाजारात चालायचा, त्यांनीसुद्धा दोघातिघांना हाकलून लावलं. अनंत मुकाट्याने रोज तिथे झाडून जायचा. उजेडाची अडचण आता राहिलीच नव्हती. माझ्यासारखा छोटा संच सगळ्यांनी मिळून रंगरावांना घेऊन द्यायचा असं ठरलं होतं. मोठा बॉक्स घरी, मशीनपाशी, कायमचा. साईनाथने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसं.

पण रंगराव येईनात. मी घरी गेले. मशीन चालू होतं, वहिनी कॉटवर होत्या, आणि रंगराव मशीनच्या शेजारी क्रेटवर बसले होते. बटणाच्या बाजूला, बटणावर हात ठेवून.

मी म्हटलं, संध्याकाळी दोन तास तरी या. शेजारच्या पूर्णिमाला सांगते, ती वहिनींजवळ बसेल.

"पूर्णिमा चहा टाकायला उठली की ही बंद करंल," रंगराव म्हणाले.

"आता नाही करणार हो. त्यांना कळलंय."

"तुमाला वाटतं, ताई. मला बी वाटायचं."

वहिनी हे सगळं ऐकत होत्या. पूर्वी असतं तर त्यांनी टोला मारला असता. आता नवरा आपल्याविषयी दुसऱ्याशी बोलतोय आणि आपण तिथे आहोत, याची त्यांना सवय झालेली दिसत होती. ते मला बघवेना. दोघांत बोलणं म्हणून उरलं नव्हतं. ते तिच्याकडे बघायचे ते नळीकडे, आणि ती त्यांच्याकडे बघायची ते चोरून.

"जागा किती दिवस धरू मी?" मी विचारलं. खरं तर मला जागेचं नाव काढून त्यांना ढोसायचं होतं, दुसरं काही नाही.

"धरू नका," रंगराव म्हणाले. "काल सर्जेराव आलता, त्याला सांगितलं मी. मोमोवाला पोरगा हाय एक, लई दिवस मागं लागलाय. उद्यापासून तो गाडी लावंल. हातगाडी बी त्यालाच दिली."

कॉटवरची हालचाल मला आधी कळली. वहिनी कोपरावर टेकून उठायचा प्रयत्न करत होत्या. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"जागा दिली?"

"दिली."

"माज्या बाभळीखालची?"

"बाभळ कवाच तोडली, कौशे."

"मला इचारायचं तरी."

"तू इचारलं हुतं मला?" रंगराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. बटणावरून त्यांनी हातही काढला नाही.

वहिनींनी पुढचं बोलण्याआधी चार-पाच श्वास घेतले. मशीन त्यांच्यासाठी घरघरत होतं, पुरेशी हवा येत होती, तरीही त्यांना तेवढा वेळ लागला.

"मग मी सगळ्या दुपारी गुदमरले," त्या म्हणाल्या, "ते कशापायी?"

मी पिशवी उचलली आणि घरी आले.